असार १५ ला नेपाळात भात लावायला जायचंय?

जूनच्या शेवटी नेपाळात पर्यटक कमी असतात. हिमशिखरं ढगात, ट्रेकचे रस्ते निसरडे, हॉटेलं अर्धी रिकामी. त्याच दिवसांत डोंगराळ नेपाळातला सगळ्यात कामाचा आणि मस्तीचा सण येतो, तो म्हणजे 'असार १५', भाताच्या लावणीचा दिवस. रोपाइँ असंही म्हणतात त्याला. इंटरनेटवर चिखलात लोळणाऱ्या पोरांचे फोटो पाहून तिकीट काढणारे बरेच असतात. पण ज्या शेतात तुम्ही उतरणार, त्या शेतावर एका घराचं वर्षाचं धान्य अवलंबून असतं. चिखलफेक ही कामाच्या कडेनं येणारी गंमत आहे. हे डोक्यात ठेवून बेत आखलात, तर बाकीचं सोपं आहे.

तारीख कशी धरायची

नेपाळचं सरकारी पंचांग विक्रम संवताचं आणि सौर आहे. त्यामुळे असार महिन्याची पंधरा 'गते', म्हणजे पंधरा तारीख, आपल्या आषाढी एकादशीसारखी मागेपुढे पळत नाही. ती २९ जूनला येते, एखाद्या वर्षी ३० जूनला. २००४ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय तांदूळ वर्ष होतं. त्या वर्षाच्या अखेरीस नेपाळ सरकारनं असार १५ हा 'राष्ट्रिय धान दिवस' ठरवला आणि २००५ पासून तो सरकारी पातळीवर साजरा होतो. मंत्री पँट दुमडून चार रोपं लावतात, कॅमेरे वळतात, भाषणं होतात. शेतकरी त्यावर कोट्या करतात, कारण एकेकाळी तांदूळ निर्यात करणारा देश आज भारतातून तांदूळ आणतो. असार हा तिकडे आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना असल्यानं निधी संपवण्यासाठी घाईघाईनं रस्ते उकरले जातात, त्याला लोक 'असारे विकास' म्हणतात. आपल्या मार्च एंडचा सख्खा भाऊ.

शेताला मात्र तारीख कळत नाही, पाऊस कळतो. नेपाळात मान्सून सर्वसाधारणपणे १३ जूनच्या सुमाराला पूर्वेकडून शिरतो. तो लांबला तर असार १५ ला खाचरं कोरडी राहतात आणि लोक नुसतं दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खाऊन दिवस साजरा करतात. म्हणून एका दिवसासाठी जाऊ नका. २६-२७ जूनला पोचा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुक्काम ठेवा. खरी लावणी या सगळ्या दिवसांत चालू असते, आणि असार १५ ची गर्दी ओसरल्यावर शेतात तुमच्याकडे बघायला, शिकवायला लोकांना जास्त वेळ असतो.

जागा निवडताना

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला कार्यक्रम हवाय की शेत? पोखरा आणि काठमांडूच्या आसपास असार १५ ला आयोजित कार्यक्रम होतात. डीजे, चिखलातला फुटबॉल, रस्सीखेच, टी-शर्ट, दुपारचं जेवण, सगळं पॅकेजमध्ये. कॉलेजच्या ग्रुपला ते आवडेल, त्यात वाईट काही नाही. फक्त तिथलं खाचर बहुतेक वेळा तुडवण्यासाठीच राखलेलं असतं, आणि तुम्ही लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी कुणीतरी नीट लावून घेतं.

शेत हवं असेल तर माझी पहिली पसंती पनौतीला. काठमांडूहून आग्नेयेला साधारण ३२ किलोमीटरवर, रोशी आणि पुण्यमती नद्यांच्या संगमावरचं हे जुनं गाव नेवारांचं, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजाचं. तिथे बायकांनी चालवलेली सामुदायिक होमस्टे आहेत आणि गावाबाहेर पडलं की भातशेती. जिच्या घरी राहाल तिचं किंवा तिच्या नात्यातल्या कुणाचं खाचर असतंच. नेवारांची लावणी, त्यांच्या भाषेत 'सिनाज्या', तिची गाणी वेगळी आणि चाल संथ. काठमांडू खोऱ्यातच राहायचं असेल तर ललितपूरकडची खोकना आणि बुङमती ही जुनी गावं बघा. खोकन्यात मात्र लावणीला अलीकडे वेगळा अर्थही आलाय. द्रुतमार्गासाठी घेतलेल्या जमिनीवरून तिथे वाद आहे. जुलै २०२० मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून त्याच जमिनीवर लावणी केली आणि पोलिसांशी झटापट झाली. तेव्हा तिथे 'हे कुणाचं शेत?' असा प्रश्न सहज विचारू नका.

पोखऱ्यात फेवा तलावाच्या पश्चिम टोकाला पामे, आणि पूर्वेला बेगनास-लेखनाथचा पट्टा. या खोऱ्याचा 'जेठोबूढो' हा सुवासिक भात प्रसिद्ध आहे. आपल्या आंबेमोहरावर प्रेम असणाऱ्यांनी तो शिजताना वास घ्यावा. पोखऱ्याच्या बाजूला बाहुन-छेत्री आणि गुरुङ समाजांची घरं जास्त, त्यामुळे 'असारे गीत', म्हणजे लावणीची गाणी, आणि पञ्चेबाजा ऐकायला मिळण्याची शक्यता इकडे अधिक. सनई, नरसिंगा, दमाह, ट्याम्को, झ्याली असा तो ताफा. वाजवणारे परंपरेनं दमाई समाजाचे. चिखलात गुडघाभर उतरलेल्या बायका आणि बांधावर सनई, हे ज्यानं पाहिलंय त्याला डीजेचा कार्यक्रम फिका वाटतो.

तराईच्या सखल पट्ट्यात, म्हणजे चितवनकडे किंवा पश्चिमेच्या थारू वस्त्यांत, लावणी जुलैत सरकते आणि उकाडा जीव काढतो. पश्चिमेच्या डोंगराळ जुम्ल्यात सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत लाल 'मार्सी' भात पिकतो, पण थंडीमुळे तिथली लावणी आधीच उरकते. पहिल्या खेपेला या दोन्हींच्या नादी लागू नका.

जायचं कसं, कागद कोणते

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत जवळ हवी. केवळ आधारच्या भरवशावर विमानतळ गाठू नका. मुंबईहून काठमांडूला थेट विमान मिळालं तर उत्तम, नाही तर दिल्लीमार्गे. रेल्वेनं जाणारे गोरखपूरला उतरून सुनौलीची सीमा ओलांडतात. पोखऱ्यासाठी तो मार्ग सोयीचा वाटतो, पण पावसात डोंगराळ रस्त्यांवर दरडी कोसळतात. मुग्लिङच्या आसपासचे रस्ते त्यासाठी बदनाम आहेत. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरडीनं दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. तेव्हा पावसाळ्यात रात्रीची बस घेऊच नका, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी काठमांडूत असा.

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हा दर बांधलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे शंभराच्या नोटा न्या आणि बाकीचे पैसे तिकडे बदलून घ्या. गावात वायफाय असलं तरी कार्ड चालेल असं धरू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका.

घरधनीणीशी आधी बोला

खोली आरक्षित करतानाच सांगा की लावणीला यायचंय, काम करायचंय. 'शेत दाखवाल का' आणि 'शेतात हात लावू का' यांत फरक आहे आणि समोरच्याला तो लगेच कळतो. शेत किती आहे विचारलंत तर उत्तर 'रोपनी'त येईल. एक रोपनी म्हणजे सुमारे ५०९ चौरस मीटर, आपले पाच गुंठे. चार-पाच रोपनींचं काम दहा-बारा बायका दिवसभरात काढतात. माणसं पैसे देऊन बोलावली आहेत की 'पर्म' आहे, तेही विचारा. पर्म म्हणजे आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. कोकणात ज्याला पैरा म्हणतात तेच. मजुरीच्या शेतात तुमच्यामुळे काम रेंगाळलं तर मालकाचे पैसे जातात. पर्मच्या शेतात वातावरण मोकळं असतं आणि पाहुण्याला थट्टेत सामील करून घेतात. निवड असेल तर पर्मच्या शेतात जा.

हिंदी बहुतेकांना समजते, तरी चार वाक्यं नेपाळीत बोललात तर चेहरे उजळतात. वयानं मोठ्या बाईला 'दिदी', पुरुषाला 'दाइ', म्हाताऱ्या बाईला 'आमा', धाकट्यांना 'बहिनी' नि 'भाइ'. अनोळखी माणसाला 'तपाईं' म्हणा, 'तिमी' नको. "मैले पनि रोप्न मिल्छ?" म्हणजे मीही लावू का. "फोटो खिच्न मिल्छ?" हे दर वेळी विचारा. ताटात वाढणं थांबवायचं असेल तर "पुग्यो". आणि "मिठो छ" म्हणाल तर पुन्हा वाढलं जाईल, हे लक्षात असू द्या.

काय घालायचं, काय न्यायचं

गुडघ्यापर्यंत वर जाणारी सुती पँट आणि बाह्यांचा जुना शर्ट. जीन्स भिजली की ओझं होते. बायकांनी सलवार-कुर्ता घातला तर सगळ्यांत सोयीचा. गमबूट नकोत, चिखल ते ओढून काढतो. अनवाणीच उतरायचं. अंगठ्या, घड्याळ, पैंजण घरी ठेवा. रेनकोटमध्ये वाकून काम करताना आत घाम जमतो. गावातल्या बायका पाठीवर 'घुम' घेतात, बांबूच्या विणीत पानं भरलेलं, थेट आपलं इरलं. हल्ली बऱ्याच जणी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर सोडतात. तुम्हीही तेच करा.

पायाला जखम, भेगा, ताजा फोड असेल तर चिखलात उतरू नका. हे मी आग्रहानं सांगतो, कारण सिंधुदुर्गातल्या लोकांना लेप्टोचा ताप सांगायला लागत नाही. उंदरांच्या मूत्राचे जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात जातात. जाण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर 'भातशेतात उतरलो होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. जळवा असतात, त्यांना तिकडे 'जुका' म्हणतात. चावल्याचं कळतही नाही. ओढून तोडू नका, नखानं कडेकडेनं सोडवा आणि जागा साबणानं धुवा. मिठाची पुरचुंडी जवळ असली तर मनाला आधार, एवढंच.

शेतात: सकाळ

लवकर उठा. आदल्या दिवशी नांगरून, पाणी सोडून ठेवलेल्या खाचरात सकाळी पुन्हा एकदा चिखलणी होते. पूर्वी बैल असत, आता बहुतेक ठिकाणी हातानं धरायचा छोटा टिलर भटभटतो. असार १५ ला मात्र काही घरं हौसेनं बैल जुंपतात. नांगर धरणारा तो 'हली', बांध छाटून त्यावर चिखल लिंपणारे 'बाउसे', आणि लावणाऱ्या बायका 'रोपाहार'. बाउशाचं काम दिसायला किरकोळ, पण पाणी धरून ठेवणारा तोच. कोदाळीनं बांधाची गवताळ कड तासून तो ओला चिखल असा थापतो की उंदराची बिळंही बुजतात. शेतीत पुरुषानं नांगर धरायचा आणि बाईनं शिवायचा नाही, असा दंडक होता. गावातले तरुण आखातात आणि मलेशियात गेल्यावर तो बऱ्याच ठिकाणी मोडला.

लावणीआधी कडेला छोटी पूजा होते. घराघराची रीत वेगळी. तेव्हा बाजूला उभं राहा आणि पहिली रोपं घरच्या माणसानं लावेपर्यंत शेतात पाय टाकू नका.

वाकणं जमणार नसेल तर 'ब्याड'कडे जा, म्हणजे रोपवाटिकेत. तिथे बायका बुटक्या पाटावर बसून रोपं उपटतात. मुळाशी मूठ धरायची, एका बाजूला कलतं ओढायचं, सरळ वर नाही, नाही तर मुळं तुटतात. मग मूठभर रोपं पाण्यात आपटून माती झटकायची आणि काडीनं जुडी बांधायची. तासभर केलंत तर हात हिरवे होतील आणि गप्पा मात्र भरपूर ऐकायला मिळतील.

रोप लावायचं कसं

जुड्या आधीच चिखलात अंतराअंतरानं फेकलेल्या असतात. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी दोन-तीन रोपं सुटी करायची. बोटांची टोकं मुळांच्या शेवटाला टेकवून रोप सरळ खाली ढकलायचं, बोटाची दोन पेरं जातील एवढंच. पुढचं रोप वीतभर अंतरावर. तीन गोष्टींवर नवख्याचं बिनसतं. खोल खुपसलं तर फुटवे कमी येतात. मुळं वर वळून हुकासारखी झाली तर रोप उशिरा धरतं. आणि आपल्याच पावलाच्या खड्ड्यात लावलं तर दहा मिनिटांत ते तरंगू लागतं. म्हणून पाय ओढताना टाच आधी उचलायची, चिखल सोडतो, आणि खड्डा हातानं सपाट करून मग तिथे रोप.

सगळ्या जणी एका ओळीत, मागे मागे सरकत जातात. तुमचा वेग कमी पडणार. दोन सराईत बायकांच्या मधे उभे राहा आणि स्वतःकडे चारच रोपांची रुंदी घ्या. त्या दोघी कडेनं तुमची जागा भरून काढतात, न बोलता. एखादी मागून येऊन तुमचं रोप उपटून पुन्हा लावेल. रागावू नका, कशी लावते ते बघा. तासाभरानं कंबर बोलायला लागली की बांधावर येऊन बसा. उगाच हिरोगिरी करून दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळण्यात अर्थ नाही.

गाणं सुरू झालं की कामाला लय येते. असारे गीतांत सवाल-जवाब चालतो. बांधावरचा पुरुष काहीतरी चिमटा काढतो, खाचरातून बायका तो परतवतात. अर्थ सगळा कळला नाही तरी कुणाची फिरकी घेतली जातेय हे हसण्यावरून कळतं, आणि बऱ्याचदा ती तुमचीच असते. कुणी आग्रह केला तर एखादी भलरी किंवा अभंग म्हणा, लोक मनापासून ऐकतात.

चिखल

पहिला गोळा तुम्ही फेकायचा नाही. तो बायकांचा मान आहे. बायका माखतात शेतमालकाला आणि बाउशांना आधी, मग पाहुण्यांना. फोन, कॅमेरा त्याआधीच झिपच्या पिशवीत घालून बांधावरच्या कुणाच्या तरी हवाली करा. लावून झालेल्या खाचरात पळायचं नाही, कितीही अंगावर आलं तरी. जे खाचर अजून लावायचंय त्यातच धुमाकूळ. डोळ्यांवर मारू नका, आणि ज्या बाईनं तुम्हाला माखलं नाही तिला तुम्ही माखू नका, विशेषतः पुरुष पाहुण्यांनी. मार्सेलचा चिखलकाला खेळलेले गोवेकर इथे लगेच रुळतात.

दही-चिउरा

दुपारी बांधावर पानं किंवा ताटल्या मांडल्या जातात. चिउरा म्हणजे आपले पोहे, पण कोरडे, जाडसर आणि दाताला लागणारे. त्यावर घट्ट दही, केळं, आंबा, साखर. भिजवून मऊ करायची आपली सवय इथे सोडा. दही घालून दोन मिनिटं थांबलं की पुरे. शेतात चूल पेटवावी लागत नाही आणि उन्हा-चिखलातल्या पोटाला गार पडतं, असा हा साधा हिशेब. भक्तपूरजवळ असाल तर मातीच्या भांड्यातलं जुजु धौ शोधा. म्हशीच्या दुधाचं, किंचित गोड, चमचा उभा राहील इतकं घट्ट. सोबत भटमास, म्हणजे सोयाबीन, बटाट्याचा अचार, कधी मांस. नेवार आणि गुरुङ घरांत जाँड किंवा ऐला, म्हणजे घरची दारू, पुढे येईल. नको असेल तर हात ताटलीवर आडवा धरून हसत "पुग्यो" म्हणा, कुणी मनाला लावून घेत नाही. उष्ट्याचा विचार तिकडेही आहे, त्यांच्या शब्दांत 'जुठो', तेव्हा स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नका. महिनाभरानं, साउन १५ ला, खीर खायचा दिवस असतो.

पैशांचं म्हणाल तर होमस्टेचे पैसे होमस्टेला द्या. शेतात एकेकीच्या हातावर नोटा ठेवू नका, त्यानं पर्मचा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा सकाळीच दोन-तीन डझन केळी, आंबे किंवा काकडी घेऊन जा आणि घरधनीणीच्या हाती द्या. संध्याकाळी कुलोच्या, म्हणजे पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय धुवा, मग घरी साबणानं अंघोळ. बोटांच्या बेचक्यात चिखल राहिला तर दोन दिवसांत चिखल्या होतात.

तारीख हुकली तर

जुलैच्या मध्यापर्यंत खोऱ्यात कुठे ना कुठे लावणी सापडतेच. तीही चुकली तर नेवारांचा गठेमंगल पाहा, तो लावणी संपल्याचा सण. आपल्या पंचांगात आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे दिव्यांच्या अवसेचा आदला दिवस. चौकाचौकांत बोरूच्या तिवईचा राक्षस उभारतात, संध्याकाळी त्याला गावाबाहेर ओढत नेऊन जाळतात किंवा नदीत टाकतात. घराच्या उंबऱ्यावर लोखंडी खिळे ठोकतात, हातात लोखंडी अंगठ्या घालतात. त्या दिवशी पोरं रस्त्यात दोरी आडवी धरून गाड्या थांबवतात आणि पैसे मागतात, म्हणून टॅक्सीत बसण्याआधी खिशात सुटे ठेवा.